बाराव्यांदा अस्पष्ट

लाल पेन्सिलीचं टोक मोडलं तेव्हा कलमबुवा एकशे त्रेचाळिसाव्या ओळीवर होते. ओळीखाली रेघ मारताना त्यांनी एवढा जोर दिला, की कागद फाटला आणि खालच्या मेजपोसावरही लाल ओरखडा उठला.

"कप्पाळ!" ते म्हणाले. "अगं ए, इकडे ये. बघ तुझ्या नवऱ्याचे प्रताप."

मुलगी ओले हात पुसत स्वयंपाकघराच्या दारात आली. रविवारची दुपार होती, जेवणं उरकली होती, आणि टेबलावर ताटांच्या जागी जावयाच्या प्रोग्रॅमची छापलेली पानं पसरली होती. ज्याचे प्रताप ते जावईबापू गॅलरीत कपडे वाळत घालत होते. गॅलरीचं दार उघडं होतं. कलमबुवांना ते माहीत होतं, म्हणून तर आवाज जरा चढाच लावला होता.

कलमबुवा हे नाव त्यांना ऑफिसात पडलं होतं आणि त्यांना ते मनापासून आवडायचं. प्रोग्रॅमने काही मागितलं तर संगणकाच्या कार्यप्रणालीने काय द्यावं, देता आलं नाही तर नाही कसं म्हणावं, हे सगळं एका जाडजूड नियमांच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. त्याला मानक म्हणतात. त्या मानकाच्या वाक्यांवरून कंपन्या भांडतात, आणि अर्थ लावून द्यायला एक समिती असते. त्या समितीत कलमबुवांनी एकतीस वर्षं काढली. ‘चूक कळवलीच पाहिजे’ आणि ‘चूक कळवली तरी चालेल’ यांतला फरक ज्याला कळत नाही, त्याला ते माणसांत धरत नसत. समितीच्या उत्तराखाली तीनपैकी एक शेरा मारायचा असे: मानक स्पष्ट आहे, मानक चुकलं आहे, किंवा मानक अस्पष्ट आहे. एकतीस वर्षांत ‘अस्पष्ट’ हा शेरा त्यांनी अकरा वेळा दिला होता, आणि त्या अकराही वेळांची त्यांना अजून लाज वाटे.

"अस्पष्ट मानक नसतं," निरोपसमारंभात ते म्हणाले होते, "वाचणाऱ्याची नियत अस्पष्ट असते." टाळ्या पडल्या होत्या. मुलगी पहिल्या रांगेत होती. तिच्या शेजारी बसलेल्या जावयाने टाळ्या वाजवल्या की नाही, हे कलमबुवांनी पाहून ठेवलं होतं. वाजवल्या होत्या, पण सगळ्यांच्या नंतर.

त्या माणसाला ते पहिल्या भेटीपासून ठोकळा म्हणत. तोंडावर अर्थातच जावईबापू. मुलीला त्यांनी तेराव्या वर्षापासून शेजारी बसवून प्रोग्रॅम लिहायला शिकवलं, चांगल्या कंपनीत ती मोठ्या हुद्द्यावर पोचली, आणि एवढं सगळं करून घरी आणलं काय, तर ठोकळा. कमी बोलायचा. काही विचारलं की म्हणायचा, "बघून सांगतो." बघून सांगतो! ज्याला येतं त्याला बघावं लागत नाही, असं कलमबुवांचं मत होतं आणि ते त्यांनी जेवणाच्या टेबलावर निदान शंभरदा मांडलं होतं.

आता मात्र त्या ठोकळ्याच्या नोकरीवर येऊन ठेपलं होतं. त्याच्या कंपनीची मशीन्स दवाखान्यांच्या प्रयोगशाळांत रक्ततपासणीचे निकाल साठवत. तीन आठवड्यांपूर्वी एका मोठ्या दवाखान्यात दोनशे बारा जणांचे निकाल गेले. मशीनने ‘जतन झाले’ असं दाखवलं आणि डिस्कवर काहीच नव्हतं. लोकांना पुन्हा बोलावून रक्त घ्यावं लागलं. त्यातल्या चौघांचं पुन्हा घेऊन उपयोग नव्हता, कारण तोवर त्यांना औषध सुरू झालं होतं आणि औषधाआधीचं रक्त काही परत मिळत नाही. उद्या सकाळी अकराला चौकशी होती. कंपनीने सांगितलं होतं, मानकाच्या जाणकाराचं लेखी मत आणा. तुमचा प्रोग्रॅम मानकाला धरून असेल तर नोकरी राहील, नसेल तर घरी बसा. जाणकार सासरा असला तरी कोणाची हरकत नव्हती. कलमबुवा सख्ख्या बापालाही सोडणार नाहीत, हे त्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक होतं.

"इथून दिसत नाहीये, चष्मा आत आहे," मुलगी दारातूनच म्हणाली. "तुम्हीच सांगा."

"सांगतो. प्रोग्रॅम म्हणतो, एवढे निकाल डिस्कवर उतरव. कार्यप्रणाली म्हणते, जमलं नाही. आता शहाण्या माणसाने काय करावं?"

मुलगी थांबून राहिली. बाबांनी प्रश्न विचारला की उत्तरही तेच देतात, हे तिला लहानपणापासून माहीत होतं.

"थांबावं! बोंब मारावी! हातातला मजकूर पहिल्यापासून पुन्हा लिहावा. आणि ह्यांनी काय केलं? नुसतं पुन्हा विचारलं. आता उतरव म्हणाले. दुसऱ्या खेपेला ती म्हणाली, झालं. ह्यांनी लगेच पडद्यावर दाखवलं, जतन झाले! अगं, शिपायाला तू पत्रं वाटायला दिलीस. त्याने येऊन सांगितलं, थैली नाल्यात पडली. तू परत विचारलंस, काही वाटायचं राहिलंय का? तो म्हणणार, नाही. खरंच आहे त्याचं, थैली रिकामी आहे! म्हणून काय पत्रं पोचली?"

मुलीला हसू आलं. तिने ते दाबायचा प्रयत्न केला, पण बाबांच्या उदाहरणांना ती नेहमीच हसायची.

"मानकात स्वच्छ लिहिलंय," कलमबुवा पुस्तकावर बोट आपटत म्हणाले, "हे काम फसलं तर उरलेला मजकूर पोचल्याची हमी नाही. हमी नाही! आता ह्याहून सोपं काय लिहायचं, चित्रं काढायची?"

गॅलरीत कपड्याचा चिमटा खाली पडल्याचा आवाज आला. मग तो उचलल्याचा.

कलमबुवांनी कोरा कागद ओढला आणि लिहायला बसले. पेन झरझर चाललं. पाऊण पानात त्यांनी जावयाचा निकाल लावला. कलमं दिली, उपकलमं दिली, आणि शेवटी एक वाक्य घातलं, जे लिहिताना त्यांना अगदी जुन्या दिवसांसारखं वाटलं. ते त्यांनी मोठ्याने वाचूनही दाखवलं.

"ज्याने ही ओळ लिहिली त्याने मानक वाचलेलं नाही, आणि वाचलं असल्यास ते समजण्याची त्याची कुवत नाही. शेरा: मानक स्पष्ट आहे."

"बाबा, हे जरा जास्तच होतंय," मुलगी हळू आवाजात म्हणाली. "जाईल हो त्याची नोकरी. काही दुसरं बसवता येतंय का बघा ना."

"बसवता? म्हणजे मी अस्पष्ट लिहू? तू सांगतेस मला?"

मुलीने मान खाली घातली. "नाही," ती म्हणाली. "तसं नाही म्हटलं मी." आणि भांडी घासायला आत गेली. नळाचा आवाज सुरू झाला.

एक काम राहिलं होतं. कलमबुवांची सवय अशी, की वादातल्या ओळी ते मताच्या तळाशी स्वतःच्या हाताने उतरवून काढत. समितीतली पोरं हसायची, छापील कागद जोडला तर काय बिघडतं म्हणायची. डोळा सरावतो, हात सरावत नाही, असं ते त्यांना सुनवत. दुसऱ्याचं लिखाण उतरवताना हात जिथे अडखळतो तिथे काहीतरी सापडतं. जावयाचं लिखाण तर त्यांना पदोपदी टोचायचं. सकाळपासून समासात उतरवलेल्या दहाबारा ओळींत प्रत्येक ठिकाणी हात अडला होता.

एकशे त्रेचाळीसपासून अकरा ओळी त्यांनी उतरवल्या. हात कुठेच अडखळला नाही.

त्यांनी पेन खाली ठेवलं. मग उचललं, आणि पहिली ओळ पुन्हा एकदा, मेजपोसाच्या कडेला पडलेल्या लिफाफ्यावर लिहिली. सहज आली. स्वतःची सही यावी तशी आली.

उत्तर शून्य आहे का, असं तपासताना सगळं जग आधी उत्तर लिहितं आणि मग शून्य. कलमबुवा आधी शून्य लिहीत. बरोबरीच्या दोन चिन्हांतलं एखादं चुकून गळलं तर आकडा डावीकडे असला म्हणजे मशीन लगेच ओरडतं, उजवीकडे असला तर मुकाट चालतं. ही युक्ती आता जुनी झाली, नव्या पोरांना ती वेडगळ वाटते. ती त्यांनी एकाच माणसाच्या अंगी पक्की मुरवली होती, ह्याच टेबलावर, दर चुकीला एक टपली मारून.

त्यांनी चष्मा पुसला आणि चाळीसच्या चाळीस पानं पुन्हा पालथी घातली. सगळीकडे शून्य उजवीकडे. फक्त ह्या अकरा ओळींत डावीकडे. शेवटच्या पानावर कोणी, कधी, काय बदललं त्याची यादी होती. अकरा ओळींसमोर जावयाचं नाव होतं आणि तीन वर्षांपूर्वीची तारीख.

तारीख त्यांना आठवली, कारण त्या आठवड्यात केलेला विनोद त्यांना आठवला. जावयाच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं. कलमबुवा दवाखान्यात बघायला गेले होते. पट्ट्या बांधून पडलेल्या माणसाला ते म्हणाले होते, "चला जावईबापू, दिसत नाही म्हणायला आता कारण तरी मिळालं!" स्वतःच खो खो हसले होते.

आतून भांड्यांचा आवाज येत होता. मुलगी काहीतरी गुणगुणत होती. कलमबुवांनी आणखी एक कोरा कागद घेतला.

आणि काय चमत्कार बघा! तेच मानक, तेच कलम, पण आता त्यात केवढ्या तरी फटी दिसायला लागल्या. हमी नाही असं म्हटलंय खरं, पण दुसऱ्यांदा विचारू नये असं कुठे म्हटलंय? दुसऱ्या खेपेला ‘झालं’ असं उत्तर आलं तर ते फक्त नव्या मजकुराबद्दल समजावं, असं तरी कुठे म्हटलंय? साध्या सरळ माणसाने ‘झालं’ म्हणजे झालं असंच समजायचं नाही का? एकतीस वर्षांत ज्या पळवाटा काढणाऱ्यांना त्यांनी फाडून खाल्लं होतं, त्यांची एकेक पळवाट त्यांना आता अगदी नावानिशी आठवत होती. पानभर लिहिलं. अक्षर नेहमीपेक्षा बारीक आलं. तळाशी लिहिलं: मानक अस्पष्ट आहे. लिहिणाऱ्याकडे दोष जात नाही.

पहिलं पान त्यांनी मानकाखाली सरकवलं.

जावई रिकामी बादली घेऊन गॅलरीतून आत आला. शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या होत्या.

"बसा, जावईबापू," कलमबुवा म्हणाले. "हे तुमचं. सही करून दिलंय."

जावई खुर्चीच्या टोकावर बसला. कागद हातात घेतला, वरून खालपर्यंत वाचला, आणि पुन्हा वरून सुरुवात केली. कलमबुवांना एरवी हे बघवलं नसतं. आज ते त्याच्या डोळ्यांकडे बघत होते.

"मघाशी तुम्ही वाचलंत ते हे नाही," जावई म्हणाला.

"ते रागाच्या भरात लिहिलं होतं."

"ते बरोबर होतं."

"तुम्हाला नोकरी नकोय का?"

"हवीये की." जावयाने कागद टेबलावर ठेवला. "पण ते बरोबर होतं, बाबा. शिपायाचं उदाहरणसुद्धा."

कलमबुवांनी लिफाफा त्याच्यासमोर सरकवला. वर एकच ओळ लिहिलेली होती, शून्य डावीकडे. जावयाने ती बघितली आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे मान वळवली. नळ चालू होता.

"तिला काही बोलू नका," तो आवाज खाली आणून म्हणाला. "तिच्या लक्षातही नसेल. मी लिहिलं होतं तेव्हा चूक आली की मशीन थांबायचं आणि घंटा वाजायची. लॅबवाले वैतागले, रोज फोन, सारखं बंद पडतंय म्हणून. मला तर डोळेच उघडायचे नव्हते. ती म्हणाली, दे, मी करते. दहा मिनिटांचं काम होतं तिचं."

"म्हणजे तुम्ही आधी बरोबर लिहिलं होतं."

"हो."

कलमबुवांनी लिफाफा उलटा करून ठेवला.

"मग पट्टी सुटल्यावर बघितलं नाहीत?" त्यांनी विचारलं, आणि विचारताना जुना आवाज थोडासा परत आला. "तुम्ही तर सगळं बघून सांगता."

"बघितलं ना. खटकलं मला. दोन दिवस तेच घेऊन बसलो होतो." जावई बाहीचं पाणी पिळत होता, थेंब फरशीवर पडत होते. "मग म्हटलं, तुमच्या हाताखाली शिकलेली आहे ती. मला खटकतंय म्हणजे मलाच कळलं नसणार. इतकी वर्षं तुम्ही सांगताय ते काय उगाच? म्हणून गप्प बसलो. ते माझंच चुकलं. तिचं नाही."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. कलमबुवांनी तो शोधला, फार शोधला. टोमणा असता तर त्यांना उलट बोलता आलं असतं, बरं वाटलं असतं. पण समोरचा माणूस जे झालं ते सांगत होता, एवढंच.

"हे बघा," ते म्हणाले, "हे दुसरं पान न्या उद्या. माझं नाव आहे खाली, कोणी शब्द काढणार नाही. नोकरी वाचेल, तिचंही काही बाहेर येणार नाही. दुसऱ्या कंपनीत असून तुमच्या प्रोग्रॅमला हात लावला म्हणून तिचीसुद्धा जाऊ शकते, कळतंय ना?"

"कळतंय. म्हणून तर माझ्याच नावावर राहू द्यायचंय." जावयाने मानक एका हाताने उचललं आणि खालचं पहिलं पान ओढून घेतलं. "अजून नऊ दवाखान्यांत तेच मशीन चालू आहे, बाबा. ओळ मानकाला धरून आहे असं तुमच्या सहीने गेलं, की ती कोणी बदलणार नाही. तीन आठवडे सांगतोय मी, ऐकत नाहीत. तुमचं ऐकतील."

एवढ्या वर्षांत जावयाला कलमबुवा इतकं सलग बोलताना पहिल्यांदाच ऐकत होते.

"एक फक्त करा," जावई म्हणाला. त्याने पान त्यांच्यासमोर ठेवलं आणि उतरवलेल्या अकरा ओळींच्या जरा वर ओलं बोट टेकवलं. "हे कुवतीचं वाक्य तेवढं काढा. माझ्याबद्दल असतं तर राहू दिलं असतं."

कलमबुवांनी पेन उचललं. वाक्य लांबलचक होतं, दोन ओळी व्यापून बसलं होतं. त्यांनी ते एकदा खोडलं, तरी अक्षरं दिसत होती. पुन्हा खोडलं. मग तिसऱ्यांदा, शब्द अन् शब्द गिचमीड होईपर्यंत. दुसरं पान, बारीक अक्षरातलं, त्यांनी मधोमध फाडलं आणि तुकडे लिफाफ्यात कोंबले.

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला.

"झाला का निकाल?" मुलगी आतून विचारत होती. "स्पष्ट की अस्पष्ट?"

"स्पष्ट," कलमबुवा म्हणाले. पेनाला टोपण लावत पुन्हा म्हणाले, "स्पष्ट आहे."

ती बाहेर आली. ह्या वेळी हात कोरडे होते आणि चष्मा डोळ्यांवर होता. तिने नवऱ्याकडे बघितलं, बाबांकडे बघितलं, आणि टेबलावरच्या पानाकडे हात पुढे केला. पानाच्या तळाशी, बाबांच्या सुवाच्य अक्षरात, त्या अकरा ओळी होत्या.

"दाखवा तरी काय लिहिलंत. नुसता माझ्या नवऱ्याचा उद्धार केला असेल."

दोघांचेही हात एकाच वेळी कागदावर पडले.